धडा आठवा

रात्री दहाला कुताईसीत वीज असते बहुधा.
इंटरनेट खालच्या मजल्यावरच्या त्सिआलाचं,
पासवर्ड तिच्या मेलेल्या मांजराचं नाव.
मी स्वयंपाकघरात खिडकीला टेकून बसते,
तिथेच काय त्या दोन काड्या सिग्नल,
आणि चेम्निट्सहून फ्राऊ पेत्सोल्ट विचारते,
गुटन आबेंड, ऐकू येतंय का सगळ्यांना?
तिच्याकडे अजून सातच वाजलेत.
तिच्या पाठीमागे कुणीतरी भांडी घासतंय.

झुगदिदीचा बाचूकी, त्याला हॅम्बर्गपर्यंत ट्रक न्यायचाय.
नर्गिझा नर्स आहे, तिचा कॅमेरा कायम बंद,
बाळ रडलं की माइकही.
आणि मी म्झेविनार, वय एक्कावन्न,
तिकडच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम आहे माझ्यासाठी,
भाषा आली तर.

पहिल्या धड्यात नाव सांगितलं, दुसऱ्यात गाव.
तिसऱ्यात कळलं, चमचा पुरुष, काटा बाई,
आणि सुरी दोन्हींतली नाही.
आमच्या भाषेत तो नाही, ती नाही, ते नाही,
सगळ्यांना मिळून एक शब्द,
देवालाही तोच, कोंबडीलाही.
आता घरभर चिठ्ठ्या लावल्यात.
खुर्ची निळी, म्हणजे बाप्या.
दार लाल. दिवा लाल.
खिडकी हिरवी, पलंग हिरवा,
कपाटावरचा बंद रेडिओ हिरवा.
मुलगीसुद्धा हिरवी.
का, असं विचारलं तर फ्राऊ पेत्सोल्ट म्हणाली, पाठ करा.

ओठांची शिट्टी करा आणि आतून ई म्हणा.
शेगडीपुढे उभी राहून मी करते.
किटली माझ्याआधी शिकली.
जोडाक्षरांचं भय नाही,
आम्ही एका श्वासात सहा-सात व्यंजनं गिळत वाढलेली माणसं.
अडतं ते आकड्यांशी.
पस्तीस म्हणजे आमचे वीस आणि पंधरा,
त्यांचे पाच आणि तीस.
परवा बाजारात पस्तीस लारीच्या चीजला
मी त्रेपन्न मोजून दिले.
चीजवालीने वरचे परत केले,
माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सातवा धडा कुटुंबाचा.
प्रत्येकाने घरातलं एक माणूस सांगायचं.
बाचूकीने आत्या सांगितली, ती फार मोठी आहे म्हणाला.
मग मी.

इश हाबे आइनेन ब्रूडर.
मला एक भाऊ आहे.
कुठे राहतो?
कुताईसीत.
काय करतो?
रेडिओ दुरुस्त करतो. सिगारेट ओढतो.
त्याला नदी आवडते.
सगळी क्रियापदं दुसऱ्या जागेवर, नीट बसलेली.
झेअर गूट, म्झेविनार. एकही चूक नाही.

झाउरला जाऊन अकरा वर्षं झाली.
पण भूतकाळ अजून शिकवला नव्हता.
माझ्याजवळ होते ते एवढेच शब्द,
आणि त्यांच्यात मरता येत नव्हतं.

मग दर मंगळवारी झाउर काहीतरी करू लागला.
पाव आणतो. चष्मा शोधतो.
एअर ष्टेट उम झीबन आउफ,
तो सातला उठतो.
इथे क्रियापदाचं शेपूट तुटून वाक्याच्या टोकाला जातं.
ते आउफ येईपर्यंत मी जरा थांबते.
तोवर तो अर्धाच उठलेला असतो,
एका कोपरावर,
केस विस्कटलेले.

आज फ्राऊ पेत्सोल्टने पान उलटलं.
नवा शब्द: होता.
सोपा आहे, म्हणाली, एकाच उच्चारात बसतो.
वार.
सगळ्यांनी म्हणा.

बाचूकी म्हणाला.
नर्गिझा काळ्या चौकोनातून म्हणाली.
मी माइक बंद केला
आणि नुसते ओठ हलवले, कुठल्यातरी दुसऱ्याच शब्दाचे.

म्झेविनार, तुमचा आवाज पोचत नाही.

मी बोटाने खूण केली, खाली,
जमिनीकडे.
ती समजली, इंटरनेट.