किनारीचा माणूस

तांडापेठेत कोणालाच नीट सांगता येईना
हितेंद्र नेमका खेळतो काय.
बाबा म्हणत, "अंड्यासारखा बॉल,
पायानं तर मारतच नाहीत, तरी म्हणे फुटबॉल."
आई म्हणे, "पगार देतात नं? मग खेळू द्या."

शाळेत तो गोळा फेकायचा.
मंडळात कबड्डी, उजवा कोपरा;
एकदा धरलेली मांडी त्याच्या हातून सुटली नाही कधी.
मग कामठी रोडवर निवड झाली, मे महिन्यात,
बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम.
एका गोऱ्या प्रशिक्षकानं त्याला वरून खाली पाहिलं,
टालावर ओंडका बघतात तसं,
आणि म्हणाला, टाइट एंड.

डिक्शनरीत काही तो शब्द सापडला नाही.
रात्री गच्चीवर त्यानंच समजावलं:
"रांग असते. तिच्या टोकाले मी.
कधी भिंत व्हायचं,
समोरून धिप्पाड पोट्टा येते, त्याले छातीवर घ्यायचं.
अन् कधी त्याच भिंतीतून सुटून पळायचं,
वळायचं, हात उघडायचे."
बाबा खाटेवर, डोळे मिटलेले.
आम्हाला वाटलं झोपले.
"म्हणजे किनार," ते म्हणाले.
"ताण सारा तिच्यावर, अन् बाया बघतात पदर."

हिशेब मी ठेवायचो,
विजेची बिलं चिकटवलेल्या वहीत, मागच्या पानांवर.
हंगाम तीन.
झेल एकतीस.
टचडाऊन दोन, त्यातला एक पुण्यात,
अर्धे दिवे बंद असलेल्या मैदानात, चारेकशे लोकांपुढे.
भिंत किती वेळा झाला त्याला रकाना नव्हता.
विचारलं तर हसला,
"ते कोणी मोजत नाई बे.
मागचा पोट्टा बॉल घेऊन निघून जाते, लोकं उभे होतात,
तेव्हा मी खाली असतो, तोंडात माती.
आवाजावरून समजते, जमलं."

डावा गुडघा गेला तेव्हा
बॉल त्याच्याकडे आलाच नव्हता.
मेडिकलच्या वॉर्डात कंपनीचा माणूस आला,
हातात संत्रा बर्फी. नागपुरात, आम्हालाच.
आणि एक चेक, मार्चनंतर टाका म्हणाला.
मार्चमध्ये लीगच नव्हती.
हेल्मेट कोणी परत मागितलं नाही.
आई त्यात लसूण ठेवते,
हवा खेळती राहते म्हणे.

काल डबा द्यायला इतवारीत गेलो, गोदामावर.
ट्रकवरचा नवा पोट्टा
ताग्यांची गठडी न बघताच फेकून राहिला होता.
एक वाकडी गेली,
थेट सायकलवाल्या म्हाताऱ्याच्या डोक्याकडे.
हितेंद्र पाठमोरा, बिडीवाल्याशी बोलत.
जिन्यावर कुरकुरणारा तो गुडघा
कसा वळला मला माहीत नाही.
हात आधी उघडले, मान नंतर फिरली.
गठडी बोटांच्या टोकांवर आली,
आवाज न करता,
धोटा बाबांच्या तळव्यात यायचा तशी.

कोणी ओरडलं नाही.
म्हातारा घंटी वाजवत निघून गेला, त्याला तर कळलंच नाही.
मुनीमजीनं चलानावर खूण केली: एक नग.

रात्री मी वही काढली,
एकतीसवर रेघ मारून लिहिलं बत्तीस.
त्यानं वाकून पाहिलं.
"हे धरत नाईत. मैदानाच्या बाहेर होतो मी."
मग बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत बसला.
कूलरचा पंखा अडकला, त्यानं काडी घालून फिरवला.
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"गठडी किती किलोची होती, ते लिव."