जे आधी येईल ते

पाच वर्षं किंवा साठ हजार मैल,
जे आधी येईल ते.
हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणतो
सर्व्हिस काउंटरच्या अलीकडून.
छातीवर नाव : लेनर्ड.

हिल्मा पेल्टो चौथ्यांदा आली तेव्हा
मीटरवर एकोणसाठ हजार सहाशे दहा होते
आणि तिच्या हातात बँकेचं कॅलेंडर.
ज्या दिवशी आवाज आला
त्या चौकोनात शिसपेन्सिलीनं बारीक लिहिलेलं :
उणे अकरा. दवाखान्याचा चढ. डावीकडून.
उणे चार. हॅनकॉकच्या पुलावर. लहान.
उणे सोळा. दफनभूमीचं वळण.
झोपेत कुणी दात खावेत, तसा.

आमच्या दारात आली की गाडी गप्प.
वैद्य दिसताच ताप उतरावा तशी.
आर्वो दोन फेऱ्या मारून यायचा,
रेडिओ चालू ठेवूनच, असा माझा संशय,
आणि मी कागदावर छापायचो तेच चार शब्द :
तक्रार पडताळून आढळली नाही.
खाली तिची सही, शाळेच्या फळ्यावरची असावी अशी.
तिसऱ्यांदा सही करताना तिनं विचारलं,
"मला नाही आढळली, की तुम्हाला?"
मी कॉफीच्या यंत्राकडे बोट दाखवलं.
फुकट आहे, म्हटलं.

या वेळी ठरलं :
गाडी रात्रभर इथंच राहू दे, उघड्यावर,
हाडापर्यंत गोठू दे.
तिला बावीस मैलांवर घरी सोडलं.
सकाळी येऊन बघतो तर
बर्फ लोटणाऱ्या पोरानं, मध्ये येते म्हणून,
ती आत घेतलेली.
हीटरखाली, पुसूनबिसून,
मांजरासारखी बसली होती.

आढळली नाही.

खरं सांगायचं तर
ह्याच आवाजाच्या आणखी सात गाड्या मला माहीत होत्या.
सातव्या गाडीपर्यंत माणूस कानाडोळा करायला शिकतो.
पगार त्याचाच असतो, असंही वाटायला लागतं.

गुरुवारी मी घरून परस्पर तिच्याकडे गेलो.
पहाटेचे साडेपाच, उणे चौदा,
सरोवरावरून येणारा वारा गालावर ब्लेड फिरवत होता.
मला बघून तिनं काही विचारलं नाही,
शेजारच्या सीटवरची पावाची टोपली फक्त मागं ठेवली.
"नवरा म्हणतो माझे कान वाजतात," ती म्हणाली.
"तीन हिवाळे म्हणतोय."
चढ गेला. काही नाही.
पूल गेला. काही नाही.
माझ्या मनात आलं, नसेलच काही,
आणि त्या विचारानं मला जरा बरं वाटलं,
हेही लिहून ठेवतो.

मग दफनभूमीचं वळण.

ती माझ्याकडे बघत नव्हती.
रस्त्याकडेच बघत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर,
परीक्षेत उत्तर माहीत असलेल्या मुलीसारखी.
मी म्हटलं, "हो."

त्या दिवशी कागदावर मी हातानं लिहिलं :
आवाज ऐकला. स्वतः. डावीकडून.
सही केली, वेळ घातली, तापमान घातलं.
कंपनीचं उत्तर यायला अकरा दिवस लागले.
तोवर मीटर साठ हजार तेवीस.
पाव पोचवायचे तर गाडी थांबवून चालत नाही.

उत्तर असं :
सदर आवाज हे या मॉडेलचं वैशिष्ट्य आहे.
दुरुस्तीची आवश्यकता नाही.

मी ते तिला वाचून दाखवलं नाही,
कागदच पुढं सरकवला.
ती ओरडेल म्हणून मागच्या खोलीतून आर्वो डोकावला.
तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.
"म्हणजे," ती म्हणाली, "आहे."
"आहे," मी म्हटलं.
"त्यांनीच लिहिलंय?"
"त्यांनीच."
तिनं कागदाची चार पदरी घडी केली,
कॅलेंडरमध्ये घातली.
"एइनोला दाखवते."

वायपरचे एकतीस डॉलर झाले होते.
ते मी घेतले.
वायपर वॉरंटीत बसत नाहीत.