डबल बेल

करूळ घाटात गाडी वळायची
तेव्हा मी कशालाच धरत नव्हतो.
एका मांडीचा टेकू सीटला,
हातात पंच, कानावर पेन्सिल,
सत्तावीस वर्षं.

आणि पडलो कुठं?
राजारामपुरीत, स्वतःच्या न्हाणीत,
साबणाच्या तुकड्यावर.

मुजावर मॅडम म्हणतात, काका,
खुर्ची धरा. एक पाय उचला.
दहा मोजा.
चारला गाडी हलते.

हिनं न्हाणीत दांडी बसवून घेतली,
स्टीलची, बसमधल्यासारखीच.
पहिल्या दिवशी हात लावला नाही मी.
दांडी पॅसेंजरसाठी असते.

आज सातपर्यंत गेलो.
मॅडमना कळू न देता
जिभेनंच वाजवली
टण् टण्.

रात्री दोनदा उठावं लागतं.
अंधारात दांडी गार लागते.
धरतो.
तिकीट कुणी मागत नाही.