दिवसाला किती

हिंडलग्याच्या जेलमधल्या दवाखान्यात
डॉक्टरानं पाठीला थंडगार नळी लावली,
वर न बघताच विचारलं, ‘दिवसाला किती?’
म्हटलं, एकही नाही.
त्यानं परत श्वास घ्यायला लावला,
परत ऐकलं,
आणि कागदावर कन्नडमध्ये काहीतरी खरडलं.
मला उलटं वाचता आलं तेवढं: बीडी,
पुढं प्रश्नचिन्ह.

बराकीत माणसं बेचाळीस, खिडक्या दोन.
सहाला कुलूप पडतं,
मग एका काडीवर सहा जण पेटवतात,
काडी महाग.
धूम्रपान निषेधाची पाटी आहे दारावर,
तिची पांढरी अक्षरं
चहाच्या गाळणीसारखी झालीत.

मी सातेरीअण्णाच्या शेजारी झोपतो.
खोकताना तो तोंडावर टॉवेल धरतो,
ओढताना नाही.
एकदा म्हटलं, अण्णा, जरा तिकडं तोंड करा की.
‘तिकडं दस्तगीर हाय, त्येला दमा.
तुझं छाताड तरणं हाय न्हवं?’
असा माझा नंबर लागला.

खोटं कशाला बोलू,
धंदा माझाही त्यावरच.
जामिनाचा अर्ज लिहायला पाच बीड्या,
बायकोला पत्र असलं तर तीन.
त्या देऊन साबण घेतो,
साबणानं शर्ट धुतो,
शर्टाचा वास जात नाही.

महिन्यातून एकदा निपाणीहून आई येते.
जाळीला बोटं लावते,
तर बोटांनाही तोच वास,
ओल्या पानांचा, जर्द्याचा,
सुपात मान घालून काढलेल्या चाळीस वर्षांचा.
‘ओढतोस काय रे?’
नाही गं.
‘मग खोकलास कशाला?’
तू कशाला खोकलीस?
म्हणाली, गेले होते की दाखवायला.
त्यो विचारतोय, आजी, दिवसाला किती?
मी म्हटलं, हजार.
पेनच खाली ठेवलं बघ त्यानं.
‘वळते म्हटलं बाबा, वळते!’
ती हसली, मी हसलो,
हसता हसता दोघांनाही ढास लागली,
जाळीच्या अलीकडं एक, पलीकडं एक,
आणि शिपाई म्हणाला, ‘टैम आत.’

त्या रात्री मिळकतीतली एक बीडी उलगडली.
दोरा गुलाबी.
आई कुठला दोरा लावते
ते मी कधी बघितलंच नव्हतं.
जन्मभर पुढ्यात बसून जेवलो.

अण्णा उठून बसला.
‘येड्या, मोडलीस व्हय? चांगली बीडी!’
म्हटलं, थांबा.
चिमूटभर जर्दा पानावर पसरला,
अंगठ्यानं दाबत वळत नेला,
तोंड नखानं आत मुडपलं.
कुणी शिकवलं नव्हतं.
बोटांना येत होतं.

अण्णानं उलटीपालटी करून बघितली,
कानाशी नेऊन चुरचुर ऐकली,
‘कारखान्यात ही छाटात गेली असती,’ म्हणाला,
आणि पेटवली.
तोंड माझ्याकडंच.