दुधाच्या खोक्यांतली रोपं

सात जून. रात्रीचे साडेदहा वाजलेत
आणि उजेड उठून जायचं नाव घेत नाही.
गुडघ्यांखाली जुन्या जाळ्याचं बोचकं घेऊन
स्टेनवोर वाफ्याशी बसली आहे.
शेजारी दुधाची कापलेली खोकी,
एकेकात एक गुलरोवा, चार पानांचा,
सलगमचा हा पिवळा, हट्टी भाऊ
एप्रिलपासून खिडकीत लाडावलेला.

नऊ दिवस ती त्यांना बाहेर काढते आहे,
आधी तासभर, मग दुपारभर, मग रात्रभर,
नव्या खलाशाला आधी बंदरातच डोलवून आणतात तसं.
आज सकाळी एक पान चिमटीत धरून पाहिलं.
राठ लागलं. म्हणाली, चला.

बोगुमिला मासळीच्या कारखान्यातून सरळ इथे आली आहे.
हातांना कॉडचा वास, पिशवीत
टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, सव्वीस,
आणि प्रत्येक नळीतून गाजराची
एक भुरभुरती हिरवी शेंडी.

स्टेनवोर बघते. बघतच राहते.
"गाजर हलवायचं नसतं.
रोवा हलव, बीट हलव, पण गाजराचं सोटमूळ
एकदा दुखावलं की ते
जन्मभर पाय फाकून उभं राहतं."

बोगुमिलाला यातलं निम्मं कळतं,
उरलेलं, म्हातारी उठून तसं उभं राहून दाखवते तेव्हा.
"माझी आई, सुवाल्कीत, असंच लावते," ती म्हणते.
शब्द शोधते. "नळीसकट. मूळ उघडं नाही.
मुळाला कळत नाही."

आठ वर्षांची असताना स्टेनवोरला होडीत बसवलं होतं,
पलीकडच्या खाडीतलं शेत कायमचं बंद करून.
पाय बांधलेली गाय, शिवणयंत्र, आणि ती;
मांडीवर बादली, बादलीत
आईच्या रूबार्बची गड्डी, घरामागच्या मातीसकट.
ती गड्डी अजून आहे, त्या कुंपणाशी.
कुणी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही.
आजही सांगत नाही.
नुसती सरकते, कडेची एक ओळ मोकळी करते.

मग काम. खड्डा दोन पेरांचा,
तळाशी वाळलेलं समुद्रशेवाळ, कुसकरून.
खोक्याचा तळ ब्लेडनं कापायचा,
माती मुठीत घ्यायची पण मूठ आवळायची नाही,
खालच्या पानाला मातीचा गालिचा लागेल इतकंच बुडवायचं,
दोन अंगठ्यांनी दाबायचं, पाणी घालायचं. कोमट.
"कोमट?"
"दिवसभर तुझे हात कशात होते?"
बोगुमिला आपल्या बोटांकडे बघते
आणि किटली आणायला जाते.

वर पांढरं कापड, माशी बसू नये म्हणून,
कापडाच्या कडेला किनाऱ्यावरचे गोटे.
मध्यरात्री वारा सुटतो, कापड पोटासारखं वरखाली होतं.
तिसऱ्या दिवशी रोव्यांनी माना टाकल्या.
सहाव्या दिवशी जीव धरला.
गाजरांनी काहीच केलं नाही. जुलैभर
ती तशीच होती, कुणाशी न बोलता.

सप्टेंबर. डोंगरमाथे पांढरे.
सव्वीसपैकी सतरा निघाली. अकरा सरळ,
पाच दुपायी, आणि एक तर
पायावर पाय टाकून, दवाखान्यात
नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखं.
स्टेनवोर इतकी हसली की तिला कुंपण धरावं लागलं.
बोगुमिलानं त्याचा फोटो आईला पाठवला.
संध्याकाळी उत्तर आलं:
आपल्याकडे पण अशीच निघतात. कोट घेतलास का?

सूप झालं. ते गाजर मधोमध कापून
दोघींनी एकेक पाय खाल्ला. चव गाजराचीच.

निघताना म्हातारीनं तिच्या हातात बादली दिली,
वर ओलं पोतं, खाली काहीतरी जड.
"घराच्या पाठीमागे लाव. वाऱ्याकडे पाठ करून.
आणि दोन वर्षं खणून बघू नको."