तिसऱ्या पायरीवरून

रविवारी आम्ही हरलो. तीन-शून्य.
आणि मी, नेल्बा, वय वर्षं एकाहत्तर,
मांडीवर माटेचा थर्मास सांभाळत
त्या पोराला अशी शिवी हासडली
की पुढच्या पायरीवरच्या ओस्मारने
मागे वळून मला टोपी काढून दाखवली.

यामांदू. सतरा वर्षांचा.
पाठीवर नऊचा आकडा, शर्ट खांद्यावरून घसरणारा,
ओठ पिळले तर दूध निघेल.
ऐंशीव्या मिनिटाला गोल उघडा होता समोर,
दार लोटायचं राहून गेलेल्या घरासारखा,
आणि याने चेंडू नदीत धाडला.

आमच्या मैदानामागे नदीच आहे.
एक होडीवाला चेंडू परत आणतो,
चेंडूमागे एक बाटली बिअर.
या मोसमात तो एकदाही तहानलेला राहिला नाही.

मंगळवारी बेकरीच्या रांगेत
तो माझ्या पुढे उभा.
पाठीला दप्तर, बोटाला धाकटी बहीण.
तळहातावर नाणी पसरून हिशेब चाललेला:
सहा पाव, की चार आणि तिच्यासाठी एक गोड बिस्कीट?
तरी दहा पेसो कमीच.
मी मागून नाणं सरकवलं.
तो वळला, लाजला, मान लववली.
ओळखलं नाही मला.
ओळखणार कसा, त्याला फक्त माझा आवाज माहीत.
म्हणून मी तोंड उघडलं नाही.
बेकरीवाल्याला काय हवं ते बोटाने दाखवलं.

याच्या आधी एल्बिओ होता.
सोळाव्या वर्षी एका दुपारी दोन गोल,
आणि आम्ही त्याला खांद्यावर नाचवत
चौकातल्या कारंज्यापर्यंत नेलं.
मी आठ मीटर कापडावर अक्षरं शिवली:
एल्बिओ, आमचा उद्धार कर.
गावातले तीन हजार लोक त्या वाक्याखाली उभे राहिले,
आणि एकानेही विचारलं नाही,
बाळा, गुडघा कसा आहे.
एकोणिसाव्या वर्षी त्याच तीन हजारांनी शिट्ट्या मारल्या.
माझी शिट्टी त्यात होती. बोटं तोंडात घालून मारते मी,
नवऱ्याने शिकवली होती.

कापड चांगलं होतं, म्हणून कापून ठेवलं.
जुलैत दव गोठायला लागलं
की टोमॅटोच्या रोपांवर अजून तेच पांघरते.
'उद्धार' एवढाच तुकडा उरलाय,
आणि त्याच्याखाली बोटभर रोपं.

एल्बिओ आता फ्रिज दुरुस्त करतो.
मार्चमध्ये माझ्याकडे आला होता.
खिडकीतून वाफा दिसतो, तिकडे पाठ करून बसला.
मी पैसे जास्त देऊ केले.
त्याने बिलाइतकेच घेतले, सुटे परत दिले,
आणि जाताना म्हणाला, दार घट्ट लावत जा बाई.

ओस्मार म्हणतो, पोराला बसवा बाकावर,
तिशीतला कुणी अनुभवी आणा.
अध्यक्ष म्हणतात, दोन वर्षांत युरोपला विकू,
त्या पैशात स्टँडला छप्पर होईल.
म्हणजे पोराच्या पायातून काढायचं काय काय?
वरची श्रेणी, छप्पर,
आणि ज्यांचे नवरे, बाप, भाऊ या पायऱ्यांवरून उठून गेले
त्यांचे जुने रविवार.
तेही नव्वद मिनिटांत.

मी काही साधू झालेले नाही.
मला गोल हवाय. हरणं पचत नाही मला.
डॉक्टरने मीठ बंद केलंय, शिव्या नाही.
पण तिशीतल्या माणसाला द्यायची शिवी वेगळी,
त्याला घरी बायको असते समजूत काढायला.
या पोराच्या घरी ती धाकटी आहे,
आणि तीसुद्धा रविवारी मैदानात असते.
तिच्या कानावर मी काय घातलं,
हे बिस्किटाचा तुकडा मोडताना
माझ्याकडे बघून ती हसली तेव्हा आठवलं.

येत्या रविवारी चेंडू पुन्हा त्याच्यापाशी येईल.
ओस्मार टोपी सरसावून बसेल,
मी काय बोलते ते ऐकायला.
मी थर्मासचं झाकण दोन्ही हातांनी धरीन.
जमेल की नाही, सांगता येत नाही,
एकावन्न वर्षांची सवय आहे.

होडीवाल्याला मात्र आजच सांगून आलेय:
नऊ नंबरने नदीत घातलेला प्रत्येक चेंडू, 
त्याची बाटली माझ्या खात्यावर.