चक्क्याचं पाणी

रात्री दहा वाजता, हल शहरात,
आमच्या स्वयंपाकघरात तारेचा एक गोळा
प्लॅस्टिकच्या बाटलीत खडखडतो.
पेलाभर दूध, दीड चमचा पावडर.
चमचा म्हणजे डब्यातला, आपला नव्हे,
आपल्या चमच्याला तिथे कोणी विचारत नाही.

डबा डेक्लननं आणून दिला.
शेजारचा मुलगा. दिवसभर परांच्या बांधतो,
संध्याकाळी लोखंड उचलतो,
मान संपून खांदा कुठे सुरू होतो ते कळत नाही.
"सकाळी व्हे, लव्ह, रात्री केसीन.
केसीन सावकाश उतरतं. झोपेत काम करतं."
डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं
आणि मला हसू आलं.
व्हे म्हणजे चक्क्याचं पाणी!
चाळीस वर्षं पंचा पिळला,
नळाला बांधला, खाली पातेलं ठेवलं,
श्रीखंडाचं कौतुक झालं
आणि ते हिरवट पाणी मोरीत गेलं.
किती गेलं असेल?
इथे अडतीस पौंडांना विकतात,
वर वाघाचं चित्र.

पद्माकरच्या मांड्या
अकरा आठवड्यांत गेल्या.
आजार बरा झाला, म्हणाले डॉक्टर,
आणि घरी जे पाठवलं
त्याच्या पायजम्यात पाय शोधावे लागत होते.
मंगळवारी कर्स्टी येते. खुर्चीतून उठा, बसा,
हात न टेकता. ती मोठ्यानं मोजते, मी मनात.
तिसऱ्याला तो छताकडे बघतो,
चौथा जणू तिथे टांगलाय.
"झोपायच्या आधी प्रोटीन," कर्स्टी म्हणते,
"स्नायू रात्री बांधले जातात."
रात्री कोण येतं बांधायला, ते मी विचारलं नाही.

पहिल्या रात्री गुठळ्या झाल्या.
दुसऱ्या रात्री म्हणाला, भिंत चाटल्यासारखं लागतं.
तिसऱ्या रात्री मी वेलदोडा टाकला,
जायफळ किसलं, केशराच्या दोन काड्या,
तेव्हा म्हणाला, "अर्धा पेला चालेल."
उरलेला अर्धा मी ओट्याशी उभ्यानं पिते.
टाकायचं कसं?
एकदा मोरीत घालून झालंय.

तो झोपतो. मी ऐकत पडते.
हंबरवरचा वारा गल्लीतले कचऱ्याचे डबे ढकलतो,
आणि आत, त्याच्या पांघरुणाखाली,
सायीच्या पावलांनी कोणीतरी विटा वाहतंय
असं मी मानून घेते.
कधी त्याची पोटरी हळूच दाबून बघते,
मळलेली कणीक बोटानं बघावी तशी.

परवा शैलजाच्या मुलीचं लग्न, लीड्सला.
मोरपंखी साडी काढली. ब्लाऊज
उजव्या दंडावर अडला. मग डाव्याही.
वाटलं, कपाटात पडून आटला असेल.
मग दार लावून घेतलं,
आरशासमोर कोपर वाकवला, डेक्लन वाकवतो तसा,
आणि तिथे खरंच एक उंचवटा,
छोट्या बटाट्याएवढा, घट्ट.
एकसष्टाव्या वर्षी!
पलंगावरून उठव, टबातून काढ,
काखेत हात घालून एक, दोन, तीन,
जिना, पुन्हा जिना.
हे कोणी मोजलं नव्हतं.

बाही उसवली. त्याला सांगितलं नाही.
मग सांगितलं.
त्यानं दंड चाचपला, बराच वेळ धरून ठेवला,
म्हणाला, "पावडर तुलाच लागू पडली."
आणि हात न टेकता उठायला गेला,
अर्ध्यात अडला, थरथरला,
पण लगेच बसला नाही.

आज दहाला बाटली हलवते
तर भिंतीपलीकडेही खडखड.
डेक्लन. त्याचीही वेळ हीच.
मी थांबते. तो थांबतो.
मी दोनदा वाजवते.
तोही दोनदा.